व्हिटबीतली रांग

आधीच सांगून ठेवते, यात माझा काही हात नव्हता. पॉलीनला अजून वाटतं की होता. वाटू दे. माझी धाकटी बहीण आहे ती, फ्रॉक घालायची तेव्हापासून तिचा माझ्यावर विश्वास नाही, आता सत्तरी ओलांडल्यावर कुठून येणार.

आमच्या क्लबची दर ऑगस्टमध्ये एक सहल असते. क्लब मूळचा खाणकामगारांचा. खाण बुजवली, कामगार एकेक करून गेले, आता त्यांच्या बायका तिथे मंगळवारी आकड्यांचा खेळ खेळत बसतात. सहलीचं ठिकाण कोणालाच सांगत नाहीत. पैसे भरायचे, सकाळी बसमध्ये बसायचं आणि ड्रायव्हर नेईल तिथे उतरायचं. लोकांना यातच मजा वाटते. बार्नस्लीहून सकाळी निघून रात्री परत यायचं म्हणजे जाऊन जाऊन जाणार कुठे, समुद्रकाठची पाच-सहा गावं, सगळी पाहिलेली. तरी आमच्या बायका जन्मात पहिल्यांदा गावाबाहेर निघाल्यासारख्या काचेला नाक लावून बसतात.

बस सुटली की ड्रायव्हरची टोपी फिरते. टोपीत चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर गावांची नावं. काही कोऱ्यासुद्धा असतात. प्रत्येकीने डब्यात एक नाणं टाकायचं आणि चिठ्ठी उचलायची. बस ज्या गावाला पोचेल त्या गावाची चिठ्ठी जिच्याकडे, डबा तिचा. मात्र एक आहे. त्या डब्यातून तिने आधी ड्रायव्हरला मासा आणि चिप्स खाऊ घालायचे, तेही तो म्हणेल त्या दुकानात, आणि शेजारी बसून स्वतःही खायचे. हा नियम कोणी काढला देव जाणे, पण मोडलेला मी पाहिला नाही. एका वर्षी एकीला माशाचं वावडं होतं, ती बिचारी नुसता चहा पीत बसली, पण बसली.

पॉलीनला या वर्षी मी ओढून नेलं. म्हणजे ती आढेवेढे घेत होती असं नाही. ती आढेवेढे घेतच नाही, तोच तर त्रास आहे. "चल" म्हटलं, "बरं" म्हणाली आणि कोट घातला. आठ वर्षं झाली, ती अशीच आहे. रडत नाही, भांडत नाही, आजारी पडत नाही. पडदे धुते, मांजराला खायला घालते, आपण काही सांगितलं तर "हो का" म्हणते. शेजारच्या घराला आग लागली तेव्हा रस्त्यावर उभी राहून म्हणाली, "हो का." मला कधी कधी वाटतं, दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं हिला. एकदा हलवलंही. तिने मला विचारलं, "झालं का?"

आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा केन गेला. खाणीची धूळ छातीत साठून गेला, आमच्याकडचे बहुतेक असेच जातात. त्यांचा एकच मुलगा, रसल. तो व्हिटबीला समुद्रकाठी मासे तळायचं दुकान चालवतो. आमच्याकडे दहनगृहात वेळ नेमून देतात. पुढचा मेलेला बाहेर गाडीत थांबलेला असतो, त्यामुळे कोणासाठी कोणी थांबत नाही. पाद्री बोलला, पडदा सरकला, पेटी आत गेली, आम्ही बाहेर आलो, आणि रसल गाडीतून उतरला. घामाघूम, टाय हातात. म्हणाला, घाटात एक कॅरव्हॅन, गाडीमागे ओढतात ते चाकांवरचं घर, अडकली होती, रस्ता बंद होता. सुट्टीचे दिवस होते, खोटं असायचं काही कारण नव्हतं.

पॉलीन पायऱ्यांवर उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "झालं सगळं. आता तू जा. दुकानात गर्दी असेल."

तो गेला. मला वाटलं आठवड्याभरात येईल, हिचं पाणी पाणी होईल. कसलं काय. मी एकदा न राहवून त्याला फोन केला. त्याने विचारलं, "आई काही म्हणाली का?" मी म्हटलं, नाही. "मग राहू दे मावशी," म्हणाला. दोघं एकाच मातीची. त्या मातीची चूल केली तरी तापणार नाही.

तर टोपी आली. पॉलीनने चिठ्ठी काढली, उघडली आणि पर्समध्ये टाकली.

"काय आलं?" मी विचारलं.

"स्केगनेस."

माझी कोरी निघाली. माझं नशीबच कोरं, त्याचं मला काही नाही. मी माझा जेवणाचा डबा उघडून सँडविच खाल्लं, तिला एक दिलं, तिने खाल्लं. हॅम आहे की चीज हेही तिला कळलं नसणार.

यॉर्क मागे पडलं तेव्हा मला जरा धाकधूक व्हायला लागली. माल्टनला बस डावीकडे वळली तेव्हा जास्त. पिकरिंगला एक चौक आहे. उजवीकडे गेलात तर स्कारबरो, सरळ गेलात तर माळरान ओलांडून व्हिटबी, तिसरं काही नाही. बस चौकाशी आली. मी मनात म्हणत होते, वळ रे बाबा, वळ, वळ. ट्रेव्हर, म्हणजे आमचा ड्रायव्हर, पंचावन्नचा, गोलमटोल, गात गात चालवणारा माणूस, सरळ निघाला.

मागून टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांना कळलं.

पॉलीन माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तू केलंस."

"मी? मी काय बसचं चाक धरलंय?"

"तू डोरीनला सांगितलंस."

"डोरीनला मी मीठसुद्धा मागत नाही, ठाऊक आहे तुला." डोरीन आमच्या क्लबची म्होरकी, सहलीचं ठिकाण तीच ठरवते. तिचं-माझं पटत नाही, पण ते राहू दे. "परत जायचंय का? ट्रेव्हरला सांगू, बरं वाटत नाही म्हणून?"

"मला बरं वाटतंय," पॉलीन म्हणाली.

आणि खरंच, तिचा चेहरा तसाच होता, धुऊन पालथ्या घातलेल्या बशीसारखा. मला तिचा राग आला आणि कीवही आली, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही. माळावर हेदरची झुडपं फुलली होती, जिकडे बघावं तिकडे जांभळं. बायका "किती सुंदर, किती सुंदर" करत होत्या. मग बस थांबली. पुढे दोन कॅरव्हॅन, त्यांच्या पुढे एक ट्रॅक्टर, त्याच्या पुढे काय ते दिसत नव्हतं. बराच वेळ आम्ही तिथेच. इंजिन बंद केलं ट्रेव्हरने.

"बघ," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण तोंड माझं माझ्या ताब्यात कधी होतं. "असाच अडकला असेल बिचारा."

 पॉलीन त्या कॅरव्हॅनकडे बघत होती. मागच्या काचेत एक कुत्रं बसलं होतं, त्याच्याकडे बघत होती म्हणा. गाडी हलेपर्यंत तिने मान वळवली नाही.

उतारावरून समुद्र दिसला, पलीकडच्या कड्यावरचा पडका मठ दिसला. ट्रेव्हर माइकवर म्हणाला, "तर बायांनो, व्हिटबी. माझं जेवण कोणाकडे आहे?"

कोणी हात वर केला नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग डोरीन उठली आणि चिठ्ठ्या तपासत मागून पुढे यायला लागली. ती तपासणारच. तिला एवढंसं निमित्त पुरतं. आमच्या ओळीशी आली तेव्हा पॉलीनने पर्स उघडली आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

व्हिटबी.

"अगं, मग बोलायचं ना!" डोरीन किंचाळली, आणि सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. कोणीतरी गाणं सुरू केलं. पॉलीनला उभं केलं, डबा तिच्या हातात दिला. ती डबा धरून उभी राहिली. सगळ्या हसत होत्या म्हणून तीही थोडी हसली. तिला माहीत होतं तर बार्नस्लीपासून. ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन, हातावर हात ठेवून, ती सगळा रस्ता बसली होती.

बस लावून झाल्यावर ट्रेव्हर आमच्याजवळ आला, हात चोळत. "चला बाई. बाकीच्या बिनडोक लोकांसारखं मोठ्या पाटीच्या दुकानात नाही जायचं. मी दाखवतो खरं दुकान. बंदराच्या भिंतीला लागून, छोटंसं आहे. बाहेर रांग असते पण हलते भराभर. रसल नावाचा माणूस आहे, बोलत नाही फारसा, पण हॅडॉक मासा असा तळतो की..."

मी म्हटलं, "ट्रेव्हर, दुसरीकडे जाऊ या की."

"बेरिल," पॉलीन मला म्हणाली, "नियम नियम आहे."

 एकीकडे हिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि ही निघाली क्लबचा नियम पाळायला. पण मला वाटतं, नियम नसता तर ती बसमधून उतरलीच नसती. स्वतःच्या पायांनी तिला तिथे जाता आलं नसतं. ड्रायव्हरच्या पोटासाठी जाता आलं.

ऑगस्टचा शनिवार. पुलावरून माणसं मुंग्यांसारखी चाललेली, हातात आइस्क्रीम, डोक्यावर सीगल पक्षी ओरडतायत. रांग दुकानातून बाहेर येऊन भिंतीच्या कडेने वळली होती. आम्ही शेवटी उभे राहिलो. ट्रेव्हर बोलत होता, त्याच्या गुडघ्याबद्दल, मेव्हण्याबद्दल. पॉलीन "हो का" म्हणत होती. दार जवळ आलं तशी मी तिच्या हाताकडे बघितलं. हात डब्यातली नाणी मोजत होता. 

आत एक बाई गल्ल्यावर, आणि तळणीपाशी रसल. केस पांढरे झालेत त्याचे. केनसारखा वाकून उभा राहतो आता. चष्म्यावर वाफ धरलेली, डोक्यावर कागदी टोपी. गिऱ्हाइकाकडे न बघताच विचारत होता.

"रसल!" ट्रेव्हर म्हणाला. "दोन देखण्या बाया आणल्यात तुझ्यासाठी. आज पैसे ही देणार आहे, लॉटरी लागलीय हिला."

रसलने मान वर केली. चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, घातला. आणि आईकडे बघितलं.



"काय देऊ?" तो म्हणाला.

"हॅडॉक आणि चिप्स," पॉलीन म्हणाली. "तीन."

"मीठ, व्हिनेगर?"

"मीठ."

त्याने तीन मासे काढले, तेल निथळू दिलं, कागदावर ठेवले. चिप्स घातले, मीठ मारलं, कागद घडी घालून पुढे सरकवला. सगळं नीट, घाई नाही. तिने डब्यातून नाणी काढून काचेवर ठेवली. गल्ल्यावरच्या बाईने ती घेतली. माझं डोकं फिरलं. आठ वर्षांनी आई समोर उभी आहे आणि हा मीठ, व्हिनेगर विचारतोय, आणि ती उत्तर देतेय.

"रसल," मी म्हटलं, "तुझी आई आहे रे ही."

ट्रेव्हरचं तोंड उघडं राहिलं. 

"दिसतंय मावशी," रसल म्हणाला. "मागे रांग आहे."

आम्ही बाहेर आलो. बंदराकडे तोंड करून एक बाक होता, त्यावर बसलो. ट्रेव्हर म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं हो, देवाशपथ." मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, खा तुम्ही. त्याने खाल्लं, बिचाऱ्याला भूक लागली होती. पॉलीननेही खाल्लं. शेजारी बसून खायचं असतं ना. एकेक चिप शेवटपर्यंत खाल्ली. मी माझं पुडकं मांडीवर तसंच ठेवलं. मी म्हटलं, "चांगला वाढवलास हो मुलगा." लागावं म्हणूनच म्हटलं होतं मी. तिला लागलं नाही.

"रांग होती," ती म्हणाली. "त्याचं बरोबर आहे."

मग तिने कागद चुरगळून टोपलीत टाकला, हात पुसले, पर्स उचलली आणि चालायला लागली. मला वाटलं, बसकडे निघाली. ती भिंतीच्या कडेने गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

मी धावत गेले. "काय करतेयस?"

"चिप्स घ्यायचेत."

"आत्ता तर खाल्लेस."

"मग काय झालं," ती म्हणाली.

मी बाकावर परत आले. तिथून दार दिसत होतं. रांग हलत हलत ती आत गेली, थोड्या वेळाने पुडकं घेऊन बाहेर आली, माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाला?" मी ओरडून विचारलं.

"मीठ, व्हिनेगर."

"मग?"

"दोन्ही म्हटलं."

पुढच्या खेपेला तिने उकडलेले मटार आणले. त्याच्या पुढच्या खेपेला तळणीचा चुरा, जो लोक फुकट मागतात. सीगल आमच्या भोवती जमले, ट्रेव्हर त्यांना हाकलत होता आणि मधून मधून मटार खात होता. मला पहिल्यांदा हसू आलं, मग डोळे भरून आले. वेडी आहे माझी बहीण. दोन शब्द बोलायला तिला दुसरी वाट माहीतच नाही. तो म्हणाला रांग आहे, ही रांगेत उभी राहिली.

"बेरिलबाई," ट्रेव्हर चाचरत म्हणाला, "चारला बस सोडावी लागेल मला. बाकीच्यांना घरी न्यायचंय."

"न्या की. आम्ही येऊ."

"कशाने?"

"चालत," मी म्हटलं. "जा तुम्ही. आणि डोरीनला यातलं अवाक्षर सांगू नका, नाहीतर ख्रिसमसपर्यंत क्लबात दुसरा विषय निघायचा नाही."

तो गेला. जाताना पॉलीनपाशी थांबला, टोपी काढून काहीतरी म्हणाला. तिने त्याचे आभार मानलेले दिसले.

या खेपेला ती दारातून आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. मी उठून दारापाशी गेले. ती काचेपाशी उभी होती. मागचे लोक कुरकुरायला लागले होते.

"आई," रसल म्हणत होता. खाली तेलाकडे बघत. "एवढं कोण खाणार आहे?"

"माहीत नाही," पॉलीन म्हणाली. "तू जेवलास का?"

"नाही."

"कधी जेवतोस?"

"रांग संपली की."

पॉलीनने मागे वळून रांगेकडे बघितलं. ऑगस्टमधली व्हिटबीची रांग. ती कशाला संपतेय.

"बरं," ती म्हणाली. "मग एक चहा दे."

चहाचा कागदी पेला घेऊन ती बाहेर आली, माझ्या हातात दिला आणि परत मागे गेली. आता तिची चाल मंदावली होती. भिंतीला एक हात टेकून उभी राहिली. पुढे एक जोडपं, मागे निळ्या शर्टातला, उन्हाने तांबडा झालेला एक माणूस, त्याच्यामागे आणखी बरेच. वारा सुटला होता. मी चहा प्यायले, दुसरं काय करणार होते. तेव्हा मला वाटलं की ही आता अशीच इथे फिरत राहणार, दुकान बंद होईपर्यंत, आणि मग म्हणणार, चल बेरिल, घरी जाऊ.

दुकानात काहीतरी झालं. गल्ल्यावरची बाई तळणीपाशी गेलेली दिसली. आणि रसल दारातून बाहेर आला. ॲप्रन नव्हता अंगावर, टोपी नव्हती. तेलकट हात विजारीला पुसत तो रांगेच्या कडेने चालत आला, एकेक माणूस ओलांडत, आणि पॉलीनपाशी थांबला.  वळला आणि दुकानाकडे तोंड करून तिच्या शेजारी उभा राहिला. तिनेही त्याच्याकडे बघितलं नाही. दोघं समोरच्या जोडप्याच्या पाठी बघत होती.

निळ्या शर्टवाल्याला ते खपलं नाही. त्याने रसलच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं.

"अहो, रांग मागून आहे."

"मी हिच्याबरोबर आहे," रसल म्हणाला.

त्या माणसाचं समाधान झालं नाही. असल्यांचं होतच नाही. तो पुढे वाकला आणि पॉलीनला म्हणाला, "काय हो बाई, हा तुमच्याबरोबर आहे का?"

 रांग पुढे सरकली, पॉलीन सरकली नाही. मागचे लोक बघायला लागले. तिने मान वळवली आणि रसलकडे पहिल्यांदा नीट बघितलं, त्याचे पांढरे केस, चष्मा, हातावरचे भाजल्याचे डाग. तिची हनुवटी हलायला लागली. मी तिला अशी केनच्या दहनाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "माझा आहे."

आणि भिंतीकडे सरकून तिने त्याला जागा करून दिली.